अदृश्य कर्त्याचा जाब

मासामुने शिरो या जपानी चित्रकथाकाराच्या ‘घोस्ट इन द शेल’ या कृतीवरून मामोरू ओशी यांनी १९९५ साली जो चित्रपट दिग्दर्शित केला, त्यात सरकारी पथकाच्या तावडीतून निसटलेला एक बंदूकधारी इसम महानगराच्या ओसाड कडेला, घोट्याइतक्या पाण्यात, एकटाच उभा असल्याचा प्रसंग आहे. त्याला धाप लागलेली आहे, नजर चोहोंकडे भिरभिरते आहे. पण दूरच्या उंच इमारती, वरचे उघडे आकाश आणि पायाखालचे उथळ पाणी यांखेरीज त्याला काहीही दिसत नाही. एवढ्यात त्या पाण्यावर कोणाच्याही पायावाचून शिंतोडे उडू लागतात, त्याचा बंदूक धरलेला हात पिरगाळला जातो, तो उचलला जातो, आपटला जातो, आणि ज्या दिशेला म्हणून तो प्रतिकारासाठी वळतो त्या दिशेला केवळ हवा असते. त्याला मारणारी मेजर मोतोको कुसानागी ही एका निवडक सरकारी पथकाची नायिका आहे, आणि तिच्या अंगावर भोवतालच्या देखाव्याचे रूप क्षणोक्षणी धारण करणारे एक आवरण आहे.

विज्ञानकथेने आपल्या अव्वल योद्ध्यांना जी आयुधे बहाल केली, त्यांत या आवरणाचा मान फार वरचा आहे. १९८७ च्या ‘प्रिडेटर’ या चित्रपटातला परग्रहावरचा शिकारी ते पांघरून अरण्यात वावरतो, आणि २००१ पासून जगभरची मुले ज्या ‘हेलो’ नावाच्या खेळात रमली त्यातले ‘एलिट’ म्हणविणारे योद्धेही ते वापरतात. असे आवरण निर्माण होऊ शकेल काय, हा प्रश्न अभियंत्यांचा आहे आणि ते त्याचे उत्तर त्यांच्या पद्धतीने देतच आहेत. मला अस्वस्थ करणारा प्रश्न निराळा असून तो धर्माच्या प्रांतातला आहे. दुसऱ्याच्या देहावर, त्याच्या प्राणावर जो कृती करतो त्याला न दिसण्याचा अधिकार आहे काय? लपण्याचा अधिकार दुर्बलाला असतो, पळणाऱ्याला असतो, स्वतःचे रक्षण करणाऱ्याला असतो, हे कोणीही बिनतक्रार मान्य करील. परंतु ज्याच्या हाती शस्त्र आहे, ज्याची नजर शत्रूच्या चेहऱ्यावर खिळलेली आहे आणि ज्याने वार करण्याचा निश्चय केलेला आहे, त्याने त्या क्षणीही अदृश्य राहावे ही गोष्ट मला साध्या युद्धकौशल्याच्या सदरात घालता येत नाही.

प्रथम या विद्येची सद्यःस्थिती थोडक्यात पाहिली पाहिजे. तिचा मूळ नमुना निसर्गात आहे, आणि तो आपल्या कोकणच्या कोळ्यांच्या जाळ्यात नित्य सापडतो. माकुळाच्या त्वचेखाली रंगद्रव्याच्या सूक्ष्म पिशव्या असतात, प्रत्येक पिशवीला ताणणारे स्नायू असतात, आणि त्या स्नायूंना मज्जातंतूंच्या द्वारे मेंदूचा थेट हुकूम पोहोचत असल्यामुळे त्याचा वर्ण डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पालटू शकतो. मनुष्याला ही विद्या फार उशिरा आणि फार अपुरी साधली. १९१४ साली लाल विजारी घालून रणात उतरलेल्या फ्रेंच फौजेने पुढच्याच वर्षी गिरां द सेव्होला या चित्रकाराच्या नेतृत्वाखाली कलावंतांचे एक स्वतंत्र पथक उभारले, आणि रंग बदलणारा सरडा हे त्याचे बोधचिन्ह ठरले. १९४३ च्या सुमारास अमेरिकी नौदलाने पाणबुड्यांवर चालून जाणाऱ्या विमानांच्या पुढल्या अंगाला दिवे बसवून पाहिले. मागच्या आकाशाइतकाच त्यांचा उजेड राखला की जे विमान एरवी १२ मैलांवरून ओळखू येई, ते सुमारे २ मैलांवर येईपर्यंत दिसत नसे. अंधाराने लपावे ही अनादि समजूत उलटवून मनुष्य तेथे प्रकाशाने लपला. २००३ साली तोक्योमध्ये सुसुमु ताची यांनी, पाठीमागच्या देखाव्याचे चित्र परावर्तक कापडाच्या अंगरख्यावर समोरून टाकून, अंगरख्यातून आरपार दिसल्याचा भास निर्माण केला. पण तो एकाच जागेवरून पाहणाऱ्याला होत असे. २०११ साली बीएई सिस्टिम्सने रणगाड्याला षट्कोनी पत्रे जडवून त्यांचे तापमान झपाट्याने पालटण्याची युक्ती दाखविली, तेव्हा उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणीला तो रणगाडा साध्या मोटारगाडीसारखा दिसू शकला.

या सर्व प्रयत्नांहून तात्त्विक दृष्ट्या मोलाचा असा एक प्रयोग २००६ साली झाला. जॉन पेंड्री यांनी मांडलेल्या सिद्धांताच्या आधारे ड्यूक विद्यापीठातील डेव्हिड स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, विशिष्ट रचनेच्या कड्यांनी वेढलेल्या तांब्याच्या नळकांड्याभोवतून सूक्ष्मतरंग वळवून पलीकडे नेले, आणि मध्ये जणू काही नाहीच अशा रीतीने ते पुष्कळ अंशी पुढे गेले. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या बाबतीत हेच संपूर्णपणे साधले असे क्षणभर गृहीत धरू. मग आतल्या मनुष्याची अवस्था काय होईल? ज्या किरणांनी तो इतरांना दिसला असता तेच किरण त्याला वळसा घालून निघून जात असल्यामुळे त्याच्या डोळ्यांत एकही किरण शिरणार नाही. तो जितका पूर्ण अदृश्य तितकाच पूर्ण आंधळा होईल. पाहण्यासाठी प्रकाश अडवावा लागतो, स्वतःत जिरवावा लागतो, आणि जेथे प्रकाश अडतो तेथे खूण राहते. एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने १८९७ साली ‘द इन्व्हिजिबल मॅन’ लिहिताना ही अडचण ओळखली होती, असे दिसते. त्याचा ग्रिफिन आरशासमोर उभा राहतो तेव्हा त्याचा सारा देह नाहीसा झालेला असतो, पण बुबुळांच्या मागच्या पडद्यावर धुक्याहून फिकट असा रंगाचा एक अंश शिल्लक उरलेला असतो. देहधारी प्राण्याला पाहायचे असेल तर थोडे तरी दिसावेच लागते, हा भौतिक विश्वाचा नियम मला धर्मनियमाच्या फार जवळचा वाटतो, आणि पुढील विवेचन त्याच्याच आधाराने करावयाचे आहे.

अदृश्यतेचा नैतिक प्रश्न तत्त्वज्ञानात प्रथम स्पष्टपणे मांडण्याचे श्रेय बहुधा प्लेटोला द्यावे लागेल. त्याच्या ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात ग्लॉकन हा तरुण, लिडिया देशच्या गायजीसाच्या पूर्वजाची कथा सांगतो. भूकंपाने भूमी दुभंगली, त्या विवरात उतरलेल्या मेंढपाळाला पितळेचा पोकळ घोडा आणि त्यात मनुष्याहून मोठे एक प्रेत आढळले, प्रेताच्या बोटातली सोन्याची अंगठी त्याने काढून घेतली, आणि तिचे कोंदण तळहाताकडे वळविले की आपण इतरांना दिसेनासे होतो हे त्याला उमगले. पुढे त्याने राणीला वश केले, राजाला मारले आणि राज्य बळकावले. ग्लॉकनचे म्हणणे असे की, अशा दोन अंगठ्या एका सज्जनाला व एका दुर्जनाला दिल्या तर दोघांचे वर्तन एकसारखेच होईल, कारण मनुष्य न्यायाने वागतो तो केवळ पाहिला जाण्याच्या भीतीने. सॉक्रेटिसाने सारा ग्रंथ खर्च करून उत्तर दिले, आणि दहाव्या भागात अंगठीचे नाव पुन्हा घेऊन, ती बोटात असो वा नसो, न्यायाने वागणे हेच आत्म्याच्या हिताचे आहे असा निर्णय सांगितला.

आपल्या परंपरेचे उत्तर याहून आटोपशीर आहे. पाप करणाऱ्याला वाटते की आपल्याला कोणी पाहत नाही, परंतु देव त्याला पाहतात आणि त्याचा अंतरपुरुषही पाहतो, असे मनू न्यायालयातल्या साक्षीच्या प्रकरणात सांगतो. दुष्यंताच्या भरसभेत नाकारली गेलेली शकुंतलाही महाभारतात, हृदयात वसणाऱ्या त्या पुरातन मुनीची आठवण राजाला करून देते. हे उत्तर सत्य आहे. तथापि ते अर्ध्याच प्रश्नाचे उत्तर आहे, असे म्हणण्याचे धाडस मी करतो. अंतःसाक्षी अंगठी घालणाऱ्याचा निवाडा करतो. त्याच्या पापपुण्याची नोंद त्या दप्तरात बिनचूक होते, यात संशय नाही. पण ज्याच्यावर वार झाला त्याचे काय? उथळ पाण्यात उभ्या असलेल्या त्या इसमाला मारणाऱ्याच्या हृदयातल्या साक्षीचा काय उपयोग? त्याला दया मागायची असेल तर ती कोणाकडे मागायची, आणि शाप द्यायचा असेल तर तो कोणाच्या नावाने द्यायचा? आपण आजवर अदृश्यतेचा विचार केला तो जवळजवळ सर्वस्वी अदृश्य होणाऱ्याच्या शीलाच्या अंगाने. ज्याला दिसत नाही त्याच्या हक्काच्या अंगाने तो झालेला नाही.

त्या अंगाने विचार करू लागले म्हणजे उपनिषदांतला एक सिद्धांत अगदी नव्या प्रकाशात समोर येतो. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य उद्दालकाला अंतर्यामीचे स्वरूप सांगताना, स्वतः कोणालाही न दिसता सर्व पाहणारा असे त्याचे वर्णन करतो. आपल्या सैनिकाचे आवरण त्याला हेच बिरुद मिळवून देऊ पाहते. परंतु अंतर्यामी अदृश्य आहे तो आतून पाहणारा आहे म्हणून. ज्याला तो पाहतो त्याच्याहून तो वेगळा असा कोठे उभाच नाही, त्यामुळे त्याचे पाहणे हे त्या जीवावरचे आक्रमण होत नाही. सांख्यांनी तर याहून काटेकोर मर्यादा घातली. त्यांचा पुरुष साक्षी आहे, द्रष्टा आहे, मध्यस्थ आहे, आणि त्यांचा आचार्य ईश्वरकृष्ण त्याच ओघात सांगतो की तो अकर्ता आहे. जो केवळ पाहतो, ज्याच्या पाहण्याने कोणाचे केसभरही बरेवाईट होत नाही, त्याने दिसलेच पाहिजे असा कोणाचा आग्रह असू शकत नाही. महाभारतातला संजय व्यासांच्या वराने दिवसाचे व रात्रीचे, उघडे व गुप्त, इतकेच नव्हे तर इतरांच्या मनातलेही सर्व जाणू शकत होता. परंतु त्या दृष्टीचा उपयोग त्याने धृतराष्ट्राला वृत्तांत निवेदन करण्यापलीकडे केला नाही, म्हणून त्या विलक्षण अधिकाराबद्दल आपल्याला भय वाटत नाही. भय वाटू लागते ते न दिसणारा द्रष्टा हात उगारतो त्या क्षणी. साक्षीचा अधिकार आणि कर्त्याचे सामर्थ्य ही दोन्ही एका देहात एकवटली म्हणजे ईश्वराचे सोंग तयार होते, आणि त्या सोंगात ईश्वराची करुणा तेवढी नसते. माझे प्रतिपादन एवढेच आहे की, दुसऱ्यावर कृती करणारा हा त्या दुसऱ्याचा ऋणी होतो, आणि त्या ऋणाचा पहिला हप्ता म्हणजे त्याला दिसणे.

वाल्मीकींनी हा प्रश्न युद्धकांडात असा उभा केला आहे की आजच्या कोणत्याही विज्ञानकथाकाराने तेथे शिष्य म्हणून बसावे. इंद्रजित मायेने गुप्त होऊन आकाशातून बाणांचा वर्षाव करतो. त्याचे रूप दिसत नाही, रथाच्या चाकांचा वा घोड्यांच्या टापांचा आवाज येत नाही, धनुष्याचा टणत्कारदेखील कानी पडत नाही. राम आणि लक्ष्मण अंदाजाने वर बाण सोडतात, आणि ते रक्ताने माखून भूमीवर परत पडतात. वर कोणी देहधारी आहे आणि त्याला जखमा होत आहेत याचा तेवढाच पुरावा. अशा वेळी संतापलेला लक्ष्मण म्हणतो की, सर्व राक्षसांच्या संहारासाठी मी ब्रह्मास्त्र सोडतो. हा क्षण फार बारकाईने पाहण्यासारखा आहे. जो मारतो आहे तो दिसत नाही, सबब त्याची सारी जात वध्य ठरते. शत्रूला चेहरा उरला नाही म्हणजे त्या बाजूचे सर्वच चेहरे शत्रूचे होतात. अदृश्य सैनिक आपल्याच बाजूच्या निरपराध माणसांवर हा धोका ओढवून आणतो, आणि गावोगाव घुसलेल्या गुप्त पथकांच्या मागोमाग सूडाची फौज येऊन गावेच्या गावे जाळते, या अर्वाचीन युद्धांतल्या वारंवारच्या अनुभवाचे बीज याच ठिकाणी आहे. रामाने त्या वेळी लक्ष्मणाला आवरले. एकासाठी पृथ्वीवरच्या सर्व राक्षसांना मारणे तुला उचित नाही. जो लढत नाही, जो दडून बसला आहे, जो हात जोडून शरण आला आहे, जो पळतो आहे, जो बेसावध आहे, त्याला मारू नये, असे त्याने सांगितले. स्वतः अदृश्य बाणांनी विद्ध होत असता हा विवेक राखणे सामान्य फौजांच्या आवाक्यातले आहे असे मला वाटत नाही. आणि म्हणूनच जी विद्या शत्रूला अशा विवेकाच्या कसोटीवर पदोपदी उभे करते, तिच्या वापराची जबाबदारी वापरणाऱ्यावरच पडते.

येथे वालीवधाचा दाखला माझ्या विरुद्ध दिला जाईल, आणि तो दिलाच पाहिजे. राम झाडांच्या आडून बाण मारतो. वाली त्या वेळी सुग्रीवाशी लढण्यात गुंतलेला असतो. पण पुढे काय घडते? राम निघून जात नाही. तो आडोशातून बाहेर येतो, रक्तात पडलेल्या वालीच्या समोर जाऊन उभा राहतो, आणि वाली त्याच्या तोंडावर फिर्याद मांडतो की, दुसऱ्याशी लढत असलेल्या मला तू न दिसता मारलेस, हा कोणता धर्म? रामाने दिलेले उत्तर, म्हणजे सुग्रीवाच्या पत्नीच्या अपहाराचे शासन, राजाचा दंडाधिकार आणि मृगयेचा न्याय, हे सर्वांना पटलेले नाही. शतकानुशतके टीकाकारांनी त्यावर लेखण्या झिजविल्या आहेत, आणि माझेही त्याने पूर्ण समाधान होत नाही. परंतु प्रश्न विचारला गेला, तो मारणाऱ्याला मरणाऱ्याने विचारला, आणि मारणाऱ्याने उभे राहून जाब दिला, ही गोष्ट मला त्या उत्तराच्या बऱ्यावाईटापेक्षा मोठी वाटते. वालीने मरण्यापूर्वी अंगदाला ज्याच्या हवाली केले, तो मारणारा त्याला दिसला होता म्हणून ते हवाली करणे शक्य झाले. इंद्रजिताच्या बाणांनी पडलेल्या कोणाही वानराला हे भाग्य लाभले नाही.

कोणी म्हणेल की, तोफ कोठे दिसते? कोसांवरून आलेला गोळा, जमिनीत पुरलेला सुरुंग, हजारो फुटांवरून पडलेला बाँब, यांनी मरणाऱ्याला तरी मारणाऱ्याचा चेहरा कोठे दिसतो? आक्षेप वजनदार आहे. परंतु तोफेचा गोलंदाज जसा दिसत नाही तसा तो पाहतही नाही. तेथे अंधत्व दोन्हीकडे सारखे आहे, आणि त्याची क्रूरता निराळ्या जातीची आहे. सुरुंग तर पाहूच शकत नाही, आणि वाटसरू व शिपाई यांत त्याला भेद करता येत नाही म्हणूनच १९९७ च्या ओटावा कराराने पुष्कळ राष्ट्रांनी मनुष्यमारक सुरुंगांचा त्याग केला. आवरणातला सैनिक मात्र हातभर अंतरावरून पाहतो. शत्रूच्या कपाळावरचा घाम, त्याच्या हातातली विझत आलेली विडी, खिशातून काढून पुन्हा ठेवलेले पत्र, हे सर्व त्याला दिसते. इतके जवळून पाहिल्यावर एरवी माणसामाणसांत जो अनिवार्य व्यवहार सुरू होतो, म्हणजे नजरेला नजर भिडणे, थबकणे, कधी शस्त्र खाली येणे, तो एका बाजूने बंद केलेला आहे. समुद्रापलीकडे बसून पडद्यावर पाहत मानवरहित विमानातून क्षेपणास्त्र सोडणाऱ्या अधिकाऱ्याची स्थितीही याच वर्गातली आहे, आणि त्याच्याविषयी जगात जी अस्वस्थता दिसते तिचे मूळ मला याच विषमतेत आढळते.

आंतरराष्ट्रीय कायद्याने या बाबतीत एक रेघ ओढून ठेवलेली आहे. १९०७ च्या हेग नियमांनी आणि पुढे जिनिव्हा करारांना १९७७ साली जोडलेल्या पहिल्या पूरक करारपत्राने युद्धातली हुलकावणी वैध ठरविली आणि विश्वासघात निषिद्ध ठरविला. वेषरंगाने लपणे हे हुलकावणीच्या यादीत स्पष्टपणे घातलेले आहे. ही रेघ ओढणाऱ्यांच्या मनात झाडपाल्याचे रंग ल्यालेला शिपाई होता, आणि तो न्यायाने निर्दोष आहे, कारण त्याचे लपणे भूमीच्या मेहेरबानीवर अवलंबून असते. सह्याद्रीच्या खिंडींतून गनिमी काव्याने लढलेल्या मावळ्यांचे लपणेही याच जातीचे होते, डोंगर सुटला की ते उघडे पडत. पण त्याच करारपत्रात शरण आलेल्याला मारू नये असाही नियम आहे, आणि पूर्ण अदृश्यतेशी त्याचा मेळ कसा घालायचा हे मला उमगत नाही. शरण जाण्यासाठी समोर कोणीतरी असावे लागते. भीष्मपर्वाच्या आरंभी कौरवपांडवांनी जो करार केला त्यात, आधी इशारा देऊन मगच प्रहार करावा, बेसावधावर व दुसऱ्याशी लढणाऱ्यावर करू नये, असे ठरले होते. इशारा देणारा दिसतो हे त्यात इतके गृहीत होते की ते वेगळे लिहिण्याची कोणाला गरज भासली नाही.

हा झाला ज्याच्यावर वार होतो त्याचा पक्ष. आवरण घालणाऱ्याचेही एक अंतरंग आहे, आणि विज्ञानकथांनी तेथे फार खोल पाहिले आहे. फिलिप के. डिक यांच्या १९७७ च्या ‘अ स्कॅनर डार्कली’ या कादंबरीतला गुप्त पोलीस एक असा पोशाख घालतो की ज्यावर लक्षावधी माणसांच्या चेहऱ्यांचे तुकडे अखंड सरकत राहतात, आणि पाहणाऱ्याला तो केवळ एक धूसर आकृती वाटतो. त्याचे वरिष्ठही त्याला ओळखत नसल्यामुळे अखेर त्याच्यावर कामगिरी येते ती बॉब आर्क्टर नावाच्या इसमावर पाळत ठेवण्याची, आणि हा बॉब आर्क्टर म्हणजे तो स्वतःच असतो. मादक द्रव्याने आधीच दुभंगलेल्या त्याच्या मनाला हळूहळू हे समजेनासे होते की, पडद्यावर आपण ज्याला पाहतो तो आपणच आहोत. पतंजलींनी हा धोका अन्य परिभाषेत सांगितला आहे. विभूतिपादात देहाच्या रूपावर संयम केल्याने त्याची दृश्यता स्तंभित होते, डोळ्याचा व प्रकाशाचा संबंध तुटतो आणि योगी अंतर्धान पावतो, असे ते निर्विकारपणे नोंदवितात. आणि त्याच पादात, अशा शक्ती व्यवहारात सिद्धी असल्या तरी समाधीच्या मार्गात विघ्ने आहेत, असा इशारा देतात. कौटिल्याने आपल्या अर्थशास्त्राच्या चौदाव्या अधिकरणात निशाचर प्राण्यांच्या डोळ्यांची अंजने सांगितली, ज्यांच्या योगे छाया व रूप नाहीसे करून वावरता येते असा त्याचा दावा. त्याला राज्य राखायचे होते, म्हणून त्याने पतंजलींचा इशारा जोडला नाही. आजचा सेनापती कौटिल्याचा वारसा सांगेल, परंतु ते आवरण ज्या तरुणाच्या अंगावर चढते त्याला मुक्त व्हायचे असते, निदान घरी परतून पुन्हा कोणाचा तरी मुलगा, कोणाचा तरी पती व्हायचे असते.

अश्वत्थाम्याचे उदाहरण येथे टाळता येत नाही. सौप्तिकपर्वात कृपाचार्यांनी परोपरीने विनविले, तरी तो रात्री झोपलेल्या पांचालांच्या छावणीत शिरला; शय्येवरच सापडलेल्या धृष्टद्युम्नाने, निदान शस्त्राने तरी मार, अशी याचना केली, आणि ती धुडकावून त्याने त्याला तुडवून मारले. छावणीतल्या कित्येकांना मारणारा कोण हे कळलेच नाही. पुढे उत्तरेच्या गर्भावर अस्त्र वळविल्याबद्दल श्रीकृष्णाने त्याला जी शिक्षा दिली ती मृत्यूची नाही: तीन सहस्र वर्षे तू निर्जन प्रदेशांतून एकटा भटकशील, कोणाशी तुझे बोलणे होणार नाही, माणसांत तुला स्थान राहणार नाही. रात्रीच्या अंधारात ज्याने स्वतःहून माणसांची नजर चुकविली त्याच्या वाट्याला अखेर माणसांच्या नजरेतून दीर्घ हद्दपारी आली, आणि लोकसमजूत अशी की तो अजूनही नर्मदेच्या काठी परिक्रमा करणाऱ्यांना अडवून कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागतो. लोकांच्या कल्पनेने त्याला ही एवढी एक सवलत दिली, कारण कोणालाही न दिसता चिरंजीव राहणे त्यांना कोणत्याही जिवाच्या सोसण्यापलीकडचे वाटले असले पाहिजे.

मग या आवरणाचा सर्वस्वी निषेध करावा काय? माझी तजवीज त्याहून मर्यादित आहे. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेत १९६६ साली प्रथम अवतरलेले रोम्युलन लोकांचे अदृश्य होणारे जहाज मारा करण्याच्या वेळी दृश्य झाल्यावाचून राहू शकत नाही, कारण लपण्यालाच त्याची एवढी शक्ती खर्च होते. कथाकाराने ही अडचण शक्तीच्या हिशेबातून घातली. मी ती धर्म म्हणून घालू इच्छितो. टेहळणीसाठी, जखमी सोबत्याला उचलून आणण्यासाठी, वेढ्यातून सुटण्यासाठी खुशाल लपावे. ते रक्षण आहे, आणि माकुळालाही निसर्गाने ती मुभा दिली आहे. पण शस्त्र उगारण्यापूर्वी आवरण उतरावे, आणि ते आपोआप उतरेल अशीच त्याची घडण असावी, शिपायाच्या त्या क्षणीच्या मर्जीवर ते सोडू नये.

या तजविजीवर सर्वांत कठीण प्रश्न विचारील तो सीमेवर मुलगा असलेला बाप. माझ्या मुलाने क्षणभर का होईना दिसावे, आणि त्याच क्षणी समोरून गोळी यावी, हे तुम्ही कोणत्या अधिकाराने सांगता, असे तो म्हणेल. त्याला, तुमच्या मुलाचे काही होणार नाही, असे सांगणे हे असत्य ठरेल. होईल, काही मुले या नियमामुळेच मरतील, आणि शत्रूने तो पाळला नाही तर आणखी मरतील. कुरुक्षेत्रावरचे नियम दोन्ही पक्षांनी अठरा दिवसांत एकामागून एक मोडले, हेही मला ठाऊक आहे. परंतु ते नियम होते म्हणूनच, सात्यकीशी लढत असता ज्याचा हात अवचित तुटला तो भूरिश्रवा अर्जुनाला रणांगणातच विचारू शकला की हे तू काय केलेस, आणि अर्जुनाला लढाई थांबवून बोलावे लागले. त्या बापाला हा दाखला पुरेसा वाटेल अशी माझी अपेक्षा नाही. पण जो हा नियम मागतो त्याने तो पत्रकातून न मागता अशा घराच्या ओसरीवर जाऊन, आपले नाव सांगून, त्याच्या डोळ्यांदेखत मागितला पाहिजे, आणि तो जे बोलेल ते ऐकून घेतले पाहिजे.